नाणं धुऊ नका, आधी तोला : खानदेशात जुनी नाणी जमवणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

खानदेशात शेतात, जुन्या भिंतीत किंवा आजीच्या पेटीत नाणं निघालं की पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. आधी चिंच लावून घासायचं, मग मोबाईलवर फोटो काढून ‘किती येतील भो?’ असं ग्रुपवर विचारायचं आणि शेवटी भाऊबंदांत दोन-दोन वाटून घ्यायची. नाणं कुठल्या गावच्या कुठल्या शिवारात निघालं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. काम नेमकं उलट्या क्रमानं व्हायला हवं. जागेची नोंद पहिली, मग वजन आणि फोटो, त्यानंतर वाचन. किंमत सगळ्यात शेवटी.

हा क्रम मोडला तर झालेलं नुकसान भरून काढता येत नाही. चुकीचं वाचन दहा वर्षांनीही दुरुस्त होतं. घासून गेलेलं अक्षर आणि विसरलेलं शिवार परत मिळत नाही.

## तयारी : नाणं हातात येण्याआधीचं सामान

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, प्लॅस्टिकच्या जबड्याचा व्हर्नियर कॅलिपर, सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, कागदी पाकिटं, मऊ सुती कापड, एक टॉर्च आणि एक जाड वही. लोखंडी जबड्याचा कॅलिपर चांदीवर ओरखडा पाडतो, म्हणून प्लॅस्टिकचा घ्या. वाळलेला बाभळीचा काटाही सामानात ठेवा. सुई आणि टाचणीपेक्षा तो कितीतरी बरा.

पाणी बोअरचं किंवा नळाचं चालणार नाही, त्यात क्षार असतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी आणा. मात्र त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय कॅन उचलू नका.

वजनाचा काटा तपासा. खिशातलं पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅम भरायला हवं आणि दहाचं दोन धातूंचं ७.७१ ग्रॅम. त्यावरचं साल २०११ ते २०१८ च्या दरम्यानचं असावं आणि नाणं फार झिजलेलं नसावं. दोन-तीन नाणी तोलूनही काटा सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर पुढचं प्रत्येक वजन चुकणार.

## १. जागा लिहून ठेवा आणि कायदा आधी पाहा

नाणं घराण्यातलं, बाजारातलं की जमिनीतलं, हे पहिल्या ओळीत लिहा. जमिनीतलं असेल तर गाव, तालुका, शिवार, गट क्रमांक, जवळची नदी किंवा नाला, किती खोलीवर मिळालं, सोबत खापरं, मणी, हाडं होती का, हे सगळं वहीत यायला हवं.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. धाब्याच्या घरांवर टाकायला आणि शेतात पसरायला गावोगावच्या पांढरीची माती वर्षानुवर्षं उचलली गेली. पांढरी म्हणजे जुनी वस्ती, म्हणजे नाणी मुळात तिथली. त्यामुळे नाणं मळ्यात सापडलं तरी ते मळ्यातलंच असेल असं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा : ‘बाबा, या वावरात माती कुठून आणली होती?’ मिळालेलं उत्तर वहीत लिहा, नुसतं लक्षात ठेवू नका.

आता कायदा. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं : काय सापडलं, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी हमी द्यायची. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘कळवलं की सगळं सरकारजमा’ ही समजूत खरी नाही. कुणी मालक पुढे आला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळं काही ठरलं नाही, तर कायद्यानं तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा इतकी रक्कम द्यावी लागते.

सावध. तापीकाठचं प्रकाशे, गिरणेकाठचं बहाळ अशा ठिकाणी पुरातत्त्व खात्यानं उत्खननं केलेली आहेत. असल्या टेकाडांवर, लेण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या आवारात मेटल डिटेक्टर आणि कुदळ घेऊन जाऊ नका. तो छंद नव्हे, गुन्हा आहे. आणि खणून काढलेलं नाणं त्याच्या थरातून सुटलं की अर्धं मुकं होतं.

मडक्यात नाणी निघाली तर एकही वेगळं करू नका. मडक्याचे तुकडेही टाकू नका. साठ्यातलं सगळ्यात उशिराचं नाणं कोणतं, यावरून तो कधी पुरला गेला हे ठरतं. नेमकं तेच एक नाणं मामाच्या मुलाकडे गेलं, तर सगळा साठा तीस-चाळीस वर्षं मागे सरकतो. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये शक क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. कुणी कुणाला हरवलं, हे तो साठा एकत्र तपासता आला म्हणून इतक्या ठामपणे सांगता येतं. दहा-पाच सुटी नाणी हाती आली असती, तर वाद आजही चालू असता.

## २. माती काढा, नाणं चमकवू नका

पीतांबरी, लिंबू, चिंच, राख, रांगोळी, तारेची घासणी, टूथपेस्ट यांतलं काहीही वापरायचं नाही. तांब्यावरचा गुळगुळीत, घट्ट हिरवा किंवा काळसर थर नाण्याचं रक्षण करतो. जाणकार गिऱ्हाईक त्याच थरासाठी जास्त पैसे मोजतं, आणि घासून लाल झालेलं तांबं परत ठेवून देतं.

चांदी आणि तांब्याचं नाणं डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. माती मऊ झाली की बाभळीच्या काट्यानं अक्षरांच्या बाजूची माती उचला, अक्षरावर काटा ओढू नका. माती सुटत नसेल तर तिथेच थांबा. मग सुती कापडावर दाबून टिपा, पुसू नका, आणि सावलीत पूर्ण कोरडं होऊ द्या. वैशाखातल्या उन्हात पत्र्यावर वाळत घालण्याची घाई नको.

शिशाचं नाणं मात्र पाण्यात घालायचंच नाही. सातवाहनांची शिशाची नाणी आपल्या भागात मिळू शकतात : मळकट राखाडी रंग आणि आकाराच्या मानानं जड. डिस्टिल्ड पाण्यानंही शिसं खराब होतं. कोरड्या मऊ ब्रशनं माती झटका, बस्स. नंतर हात धुवा.

तपासणी. तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी दिसते का? काट्यानं टोकरली की पूड निघते का? निघत असेल तर आत क्लोराइड आहे आणि ते ओल मिळाली की नाणं आतून खात राहतं. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं, सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. घरी उपचार करू नका.

## ३. वजन, व्यास आणि धातू

वजन तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे लिहा. व्यास दोन दिशांनी मोजा, कारण हातानं पाडलेली नाणी क्वचितच गोल असतात. जाडी आणि कडेचा आकारही लिहा.

वजनावरून अर्धं काम होतं. आहत, म्हणजे ठसे मारलेली, चांदीची नाणी साधारण ३.४ ग्रॅमच्या आत भरतात. पश्चिम क्षत्रपांचं चांदीचं नाणं २ ते २.४ ग्रॅम, गधैया नावाचं लहान, जाड नाणं ४ ग्रॅमच्या आसपास, मोगल रुपया ११.४ च्या जवळ, राणीछाप आणि राजाछाप रुपया ११.६६. बागलाणात मुल्हेरला पाडलेल्या, अकबराचं नाव असलेल्या महमुद्या (महमुदी नावाची चांदीची नाणी) रुपयाच्या निम्म्या वजनाच्या असतात. त्यांना ‘अर्धा मोगल रुपया’ म्हणून विकलं जातं, म्हणून हे सांगितलं.

धातूची शंका असेल तर घनता मोजा. कपात पाणी घालून कप काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला टेकणार नाही असं धरा. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. ११.४० ग्रॅमच्या रुपयाला आकडा १.०९ आला, तर उत्तर १०.४६ येतं. शुद्ध चांदी १०.५ आणि तांबं ८.९ असतं. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं इथेच उघडं पडतं. पण दोन ग्रॅमच्या क्षत्रप नाण्यावर हा प्रयोग करून निष्कर्ष काढू नका. तिथे पाण्यातला आकडा ०.२० च्या आसपास येतो आणि काट्याची ०.०१ ची चूकही उत्तर पाच टक्क्यांनी हलवते.

## ४. फोटो, वाचण्याआधी

दोन्ही बाजू, कड, आणि शेजारी मोजपट्टी. पांढऱ्या किंवा करड्या कागदावर ठेवा. फ्लॅश बंद. टॉर्च नाण्याच्या जवळजवळ पातळीला आणून तिरपा उजेड टाका आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. समोरून न दिसणारं अक्षर तिरप्या उजेडात सावलीमुळे उठून दिसतं. फोटोला वहीतलाच क्रमांक द्या. नाण्यावर पेननं किंवा रबरी शिक्क्यानं नंबर टाकणारे लोकही आहेत. त्यांच्याकडून काही विकत घेऊ नका.

## ५. वाचन : आधी लिपी, मग राजा

इथली चूक एकच आणि सगळे करतात. आधी राजाचं नाव मनात धरायचं, मग नाण्यावर ते शोधायचं. लिपीपासून सुरुवात करा.

अक्षरंच नाहीत, वेगवेगळे ठसे आहेत. चांदीचा वेडावाकडा कापलेला तुकडा आणि त्यावर एकमेकांवर चढलेली सूर्य, चक्र, डोंगर अशी चिन्हं असतील, तर ते आहत नाणं. सहसा एका बाजूला पाच ठसे असतात. प्रत्येक ठसा वेगवेगळा काढून ठेवा, ओळख त्या पाचांच्या जुळणीवरून होते. अक्षरांऐवजी नुसत्या रेघा आणि ठिपके असतील, नाणं लहान पण जाड असेल, तर गधैया. त्यावरचा चेहरा आणि मागची अग्निवेदी इतकी बिघडत गेली आहे की बरेच लोक त्याला निरर्थक तुकडा समजून मोडीत घालतात.

ब्राह्मी. सोंड वर केलेला हत्ती आणि मागे चार टोकांना चार वर्तुळं असलेली अधिकाची खूण, म्हणजे उज्जैन चिन्ह, दिसलं की सातवाहनांकडे पाहा. राजाचा चेहरा आणि मागे तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, बाजूला चंद्र-सूर्य, असं असेल तर पश्चिम क्षत्रप. यांची गंमत ही की लेखात बाप आणि मुलगा दोघांचीही नावं येतात : राज्ञो महाक्षत्रपस अमक्याच्या पुत्राचं, राज्ञो क्षत्रपस तमक्याचं. नाव अर्धंच नाण्यावर उतरलं असेल तरी बापाच्या नावावरून मुलगा ठरवता येतो. पुढच्या काळातल्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक वर्षही असतं. त्यात ७८ मिळवा : शक १८० म्हणजे इ.स. २५८.

क्षत्रप म्हणून हमखास विकलं जाणारं दुसरं नाणं म्हणजे कलचुरी कृष्णराजाचं, सहाव्या शतकातलं. चेहरा तसाच, वजन थोडं कमी, पण मागे बसलेला नंदी. नंदी दिसला तर क्षत्रपांचं नाव सोडून द्या. भोवतीचा लेख ‘परममाहेश्वर’ पासून सुरू होऊन ‘श्रीकृष्णराज’ वर संपतो.

फारसी-अरबी लिपी. आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ इथे. अशी लिपी दिसली की ‘बुऱ्हानपूरची टांकसाळ’ किंवा ‘फारुकी’ असं लेबल लागतं. फारुकी सुलतानांनी थाळनेर आणि नंतर बुऱ्हानपुरातून राज्य केलं आणि १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतल्यावर ते संपलं. पण त्यांची स्वतःची नाणी दुर्मीळ आहेत. तांब्याचं सुलतानी नाणं चौकोनी असेल तर आधी माळव्याच्या सुलतानांची यादी काढा, गोल असेल तर गुजरातचीही. फारुकी हा शेवटचा पर्याय, पहिला नव्हे.

मोगल रुपयावर टांकसाळीचं नाव ‘जर्ब’ (म्हणजे ‘पाडलं’) या शब्दाजवळ शोधा. सुरत हा शब्द आखूड आणि बुऱ्हानपूर लांब, त्यामुळे फारसी न येणाऱ्यालाही फरक कळतो. सुरतेचे रुपये फार मोठ्या संख्येनं मिळतात, तेव्हा तिथली शक्यता आधी तपासा.

आकडे शिकायला एक संध्याकाळ पुरते. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका, सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे खाली उघडा कोन. बाकीचे तक्त्यावरून पाठ करा. हिजरी सालाला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा : १११० चं १६९८-९९ येतं.

पडताळा. औरंगजेबाच्या नाण्यावर एका बाजूला हिजरी साल, दुसऱ्या बाजूला राज्यवर्ष, म्हणजे कारकिर्दीचं कितवं वर्ष ते, असतं. हिजरीतून राज्यवर्ष वजा केलं की १०६७ किंवा १०६८ उरायला हवं. १११० सोबत ४२ किंवा ४३ बरोबर. १११० सोबत २७ दिसलं, तर एक तरी आकडा तुम्ही चुकीचा वाचला किंवा नाणं संशयास्पद.

मोगल आणि मराठा रुपयांवर बारीक टोचे, चंद्रकोर, फुलं असे वरून मारलेले ठसे दिसतात. त्या सराफांच्या तपासणीच्या खुणा आहेत, दोष नव्हे. त्यांचाही फोटो घ्या.

देवनागरी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ म्हणजे शिवराई. पण प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. हे नाणं पेशवाईत आणि त्यानंतरही पाडलं जात होतं, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया उशिराच्याच. ओळींमध्ये दोन समांतर रेघा असलेली दुदांडी अशीच उशिराची. ‘शिव’ चं ‘सिव’, ‘छत्रपति’ चं ‘छत्रपती’ अशी लिहिण्यातली तऱ्हा जशीच्या तशी उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. प्रकार त्या फरकांवरूनच ठरतात.

## ६. खरं की खोटं

ओतीव नकलेच्या कडेला जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते. भिंगाखाली पृष्ठभागावर हवेचे बारीक खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात. हातोड्यानं पाडलेल्या अस्सल नाण्याच्या कडेला बऱ्याचदा तडा असतो. दोन नाण्यांवर झीज आणि ओरखडे तंतोतंत एकाच जागी असतील, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेली.

सातवाहनांची चेहऱ्याची चांदीची नाणी आणि सोन्याचा शिवराई होन यांच्या नकला इतक्या आहेत की नवख्यानं ती घेऊच नयेत.

दोन सापळे. पहिला, ‘१८१८ चा कंपनीचा आणा’ : एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही, हे देवळात विकायचे टाक आहेत. दुसरा जास्त घातक : तांदूळ ओढणारं नाणं. त्या तांदळात लोखंडाचे बारीक कण दडवलेले असतात. ‘परदेशी कंपनी कोट्यवधी देणार, आधी तपासणीचे पैसे भरा’ असं म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

## ७. ठेवायचं कसं

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बमात ठेवू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात ते प्लॅस्टिक चिकट होतं आणि नाण्यावर हिरवा बुळबुळीत थर चढतो. पुठ्ठ्याच्या खिडकीची कडक पारदर्शक पाकिटं घ्या आणि स्टेपलच्या पिना नाण्यापासून लांब मारा. पावसाळ्यात सिलिका जेल. गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट नको, आतली थंड भिंत बरी. शिशाची नाणी लाकडी पेटीत आणि साध्या पुठ्ठ्यात ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या आम्लानं ती पांढरी पडून भुगा होतात. नाणं नेहमी कडेला धरा.

## ८. घेणं, विकणं आणि दाखवणं

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि ते खासगी माणसाला परदेशात पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला वाढदिवसाची भेट म्हणूनही नाही. विकत घेताना पावती मागा. पावतीवर ‘जुनं नाणं १ नग’ नको, वजन आणि वर्णन हवं.

जळगावच्या सराफ बाजारात आणि मोडीच्या दुकानांत नाणी वितळण्यापूर्वी पाहायला मिळतात. तिथे मोडीचा भाव लागतो, पण कलदार, म्हणजे इंग्रजी अमदानीतला रुपया, घेताना साल पाहा : १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे. नाकं डाखलेली, माळेतली नाणी संग्राहकाच्या हिशेबानं स्वस्त असतात. ते नाकं उपटून ‘अखंड’ करायला जाऊ नका. सातपुड्यातल्या किंवा गावच्या कुठल्या घराण्याची माळ होती, तेवढं मात्र विचारून लिहा.

वाचन अडलं तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था ही जवळची ठिकाणं. आधी पत्र किंवा फोन करा. सोबत न्यायचं ते एवढंच : चार बाजूंच्या उजेडातले फोटो, तीन वजनं, व्यास आणि वहीतलं जागेचं पान. ‘हे किती जुनं?’ याऐवजी ‘हा तिसरा आकडा पाच की शून्य?’ असं विचारा. आणि मिळालेलं उत्तर तारखेसह त्याच पानावर उतरवा. जुनं चुकलेलं वाचन खोडून टाकू नका, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवं लिहा.